अडीच कोटी किडे आणि चिमूटभर माती

(राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



राजूरला येऊन कुणी इतिहासावर बोलणार म्हटलं की वाटतं, आता रतनगड, हरिश्चंद्रगड नाहीतर राघोजी भांगरे यांच्यावर ऐकायला मिळणार. त्या विषयांवर माझ्यापेक्षा जाणकार माणसं इथे समोरच बसलेली आहेत. मी आज एक वेगळा इतिहास घेऊन आलोय. मातीत राहणारे किडे स्वतःला वाचवण्यासाठी अंगातून काही रस, काही वास बाहेर टाकतात. त्या रसांचं जिवाणूंशी काय नातं आहे, ते माणसाला कसं कळत गेलं, आणि कळूनही आपण त्या वाटेनं पुढे का गेलो नाही, हा तो इतिहास.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. डांगी बैल इथल्या पावसात का टिकतो, असं कुणालाही विचारा. तो सांगेल की त्याच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही. म्हणजे जनावर स्वतःच्या अंगातून संरक्षण तयार करतं, ही कल्पना तुम्हाला नवी नाही. आता बैलावरून नजर खाली आणा, बांधावरच्या वारुळावर.

पावसाळा सुरू झाला की वारुळापाशी अळंबी उगवते. ती वाळवीचीच शेती असते. आपल्याकडे वारुळं बांधणारी वाळवी आत बुरशीचे मळे लावते आणि त्यावर जगते. आता विचार करा. आत अंधार, ऊब, ओल, कुजका पालापाचोळा आणि एकमेकांना चिकटून राहणारे लाखो जीव. साथ पसरायला याहून चांगली जागा कुठली? एका चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. तरी वारूळ वर्षानुवर्षं नांदतं. कसं? हा प्रश्न मनात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता ३५० वर्षं मागे जाऊ. १६७१ साली इंग्लंडमधले निसर्ग अभ्यासक जॉन रे यांनी मुंग्यांच्या आंबट रसाबद्दल एक टिपण प्रसिद्ध केलं. चिकोरीची निळी फुलं मुंग्यांच्या वारुळात टाकली की लाल होतात, असं लोकांनी पाहिलं होतं. तुम्ही गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून बघा, रंग कसा पालटतो ते. तसंच हे. म्हणजे मुंग्या आम्ल सोडतात. मुंग्यांचा अर्क काढून ते आम्ल वेगळं करता येतं, हेही त्या टिपणात होतं. पुढे १७४९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्ग्राफ यांनी ते बऱ्यापैकी शुद्ध रूपात मिळवलं. तेच फॉर्मिक आम्ल. लॅटिनमध्ये मुंगीला फॉर्मिका म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

पण मुंगी हे आम्ल कशासाठी बाळगते? बराच काळ एकच उत्तर होतं, शत्रूवर मारा करायला. मुंगळा चावल्यावर चुरचुरतं ते यामुळेच. त्यात खोटं काही नाही, पण ते अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं अगदी अलीकडे कळलं. २०१३ मध्ये दिसलं की काही मुंग्या बुरशी लागलेल्या आपल्या कोशांवर हे आम्ल लावतात. आपण जखम धुतो तसं. आणि २०२० मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या मुंगळ्याच्याच कुळातल्या एका मुंगीवर प्रयोग झाले. ती मुंगी खाल्ल्यानंतर आपल्या शेपटाकडचं आम्ल तोंडानं घेऊन गिळते. त्यामुळे पोटाच्या पहिल्या पिशवीतलं अन्न आंबट होतं आणि त्यातले घातक जिवाणू मरतात. त्या प्रयोगात सेराशिया नावाचा जिवाणू वापरला होता, जो मातीतही सापडतो. मुंग्या एकमेकींना तोंडातून अन्न भरवतात. एकीचं पोट स्वच्छ राहिलं तर सगळं घर वाचतं.

दुसरं उदाहरण तर तुमच्या डब्यातलं आहे. जुन्या पिठात तांबडे, बारीक किडे होतात. फार झाले की पीठ गुलाबीसर होतं आणि उग्र वास मारतं. आपल्या आजी ते पीठ चाळून वापरत नसत, फेकून देत. बरोबर करत होत्या. तो वास क्विनोन नावाच्या रसायनांचा असतो. १९४३ मध्ये अलेक्झांडर आणि बार्टन या संशोधकांनी दाखवून दिलं की हे किडेच क्विनोन सोडतात. ते माणसाला चांगलं नाही. पण किड्याला त्याचा उपयोग काय? २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी या किड्यांमधली क्विनोन तयार करणारी जनुकं एकेक करून बंद पाडली. क्विनोन गेलं तशी त्या स्रावाची जिवाणूंना रोखण्याची ताकदही गेली. किडा ज्या पिठात राहतो, तेच पीठ तो आपल्यासाठी निर्जंतुक करत होता.

इथे एक नाव सांगतो, शेतकऱ्यांना ते पाठ असेल. बीटी. आपण कपाशीत बीटी म्हणतो, ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं नाव. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो आजारी रेशीम किड्यांत सापडला. १९११ मध्ये बर्लिनर यांना जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात पिठातल्या पतंगात सापडला, म्हणून ते नाव. २००२ मध्ये त्याचं जनुक घातलेली कपाशी आपल्याकडे आली. म्हणजे मातीतला जिवाणू किड्याला मारतो, हे आपण ओळखलं आणि बाजारात आणलं. आणि आपल्या डब्यातल्या तांबड्या किड्याचा स्राव याच बीटीची वाढ रोखतो. हे भांडण दोन्ही बाजूंनी चालू आहे. आपण त्यातली एकच बाजू विकत घेतली.

का घेतली? इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो.

१९४० चं दशक डोळ्यांपुढे आणा. क्षयानं घरंच्या घरं बसत होती. जखम चिघळली की माणूस गेला. त्या दहा-बारा वर्षांत औषध शोधण्याच्या दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी उघडल्या.

पहिली वाट मातीतल्या सूक्ष्मजीवांची. १९३९ मध्ये रेने द्युबो यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून दुसऱ्या जिवाणूंना मारणारा पदार्थ मिळवला. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स इथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्यानं स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. क्षयावर खरोखर चालणारं पहिलं प्रतिजैविक. ते स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूपासून मिळालं. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो ना, तो बराचसा याच जिवाणूंचा.

दुसरी वाट किड्यांची. इटलीत पाविया विद्यापीठात मारियो पावान नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं, प्रतिजैविकं बुरशीत आणि जिवाणूतच का शोधायची? किड्यांच्या ग्रंथींत बघा. १९४० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी अर्जेंटिना मुंगीच्या ग्रंथींतून एक पदार्थ वेगळा केला, त्याला नाव दिलं इरिडोमिर्मेसिन. मुंगीचं शास्त्रीय नाव तेव्हा इरिडोमिर्मेक्स होतं, त्यावरून. तो जिवाणूंवर चालत होता, कीटकांवरही चालत होता. पुढे तशाच बांधणीची रसायनं वनस्पतींत सापडायला लागली आणि त्या सगळ्या कुळाला इरिडॉइड असं नाव पडलं. तुमच्या बांधावरची निर्गुडी घ्या. तिच्या पानांतही इरिडॉइड आहेत. निर्गुडीवरच्या शोधनिबंधात हा शब्द दिसला की लक्षात ठेवा, तो एका मुंगीच्या नावावरून आलाय.

पावान तिथे थांबले नाहीत. भातखाचरात एक बारीक, लांबट किडा असतो. पाठीवर काळे आणि नारिंगी पट्टे. पावसाळ्यात रात्री दिव्यावर येतो. अंगावर चिरडला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो. हल्ली लोक त्याला ॲसिड फ्लाय म्हणतात. खरं तर ते आम्लही नाही आणि ती माशीही नाही. तो एक भुंगेरा आहे, पेडेरस. तो चावत नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं विष असतं, ते कातडीला लागतं. १९५३ मध्ये पावान आणि त्यांचे सहकारी बो यांनी हे पेडेरिन वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यासाठी शेतांतून किती किडे गोळा करावे लागले असतील? सुमारे अडीच कोटी.

हा आकडा नीट ऐका. अडीच कोटी किडे, आणि हाती आलं काय, तर अभ्यासापुरतं पेडेरिन.

आता पहिल्या वाटेवर काय चाललं होतं ते बघा. तिथे चिमूटभर माती पुरत होती. मातीतला एक जिवाणू निवडला, त्याला मोठ्या टाकीत खाऊ घातलं की तो रात्रंदिवस वाढतो आणि टनांनी औषध देतो. हे आपल्या दारातच घडलं. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभा राहिला. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. पेनिसिलिन देशात बनायला लागलं. आणि तिथले शास्त्रज्ञ एम. जे. थिरुमलाचार यांनी मातीतल्या एका नव्या स्ट्रेप्टोमायसिसपासून १९६१ मध्ये बुरशीवरचं औषध शोधलं, हॅमायसिन. त्या जिवाणूला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव असं जिवाणूशास्त्रात गेलं.

म्हणून किड्यांची वाट मागे पडली. त्यांचे रस कमी ताकदीचे होते म्हणून मागे पडली असं नाही. किडा टाकीत वाढवता येत नव्हता, हे त्याचं कारण. विज्ञानाच्या इतिहासात असं पुष्कळदा होतं. जे हाताला सोपं असतं त्यावर काम होतं, आणि मग पुढच्या पिढीला वाटतं की तेवढंच खरं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. पन्नास वर्षांनी या दोन वाटा एकमेकींना येऊन मिळाल्या.

२००२ साली जर्मनीत केल्नर आणि पील या संशोधकांनी पेडेरिनचा उगम शोधला. अडीच कोटी किड्यांतून काढलेलं ते विष किडा बनवतच नव्हता! त्याच्या मादीच्या अंगात राहणारा एक जिवाणू ते बनवत होता. स्यूडोमोनास कुळातला, ज्याचे भाऊबंद मातीत आणि पाण्यात सगळीकडे असतात. मादी ते विष अंड्यांत उतरवते, त्यामुळे कोळी तिच्या अळ्यांना तोंड लावत नाहीत. एक स्पष्ट करतो, पेडेरिन हे जिवाणूंवरचं औषध नाही. मुद्दा वेगळाच आहे. ज्याला आपण किड्याचा स्राव म्हणत होतो, तो निघाला जिवाणूचा.

मग २००५ मध्ये मार्टिन काल्टेनपोथ आणि सहकाऱ्यांनी एक गांधीलमाशी अभ्यासली. युरोपातली ही गांधीलमाशी मधमाश्या पकडते, जमिनीत बीळ करते आणि तिथे अंडी घालते. अळी कोश विणून ओल्या मातीत महिनोन् महिने पडून राहते. तिला बुरशी का लागत नाही? आईच्या मिशांत खास ग्रंथी असतात आणि त्या ग्रंथींत ती स्ट्रेप्टोमायसिस पाळते. बिळाच्या छताला त्याचा पांढरा लेप लावते. अळी तो आपल्या कोशात विणून घेते. म्हणजे वॅक्समनच्या प्रयोगशाळेनं जे कुळ शोधलं, तेच या माशीनं पाळलेलं. २०१० मध्ये कळलं की त्या कोशावर एक नाही, नऊ प्रतिजैविकांचं मिश्रण असतं. आणि हे नातं किमान ६ कोटी ८० लाख वर्षांचं आहे, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला.

इथे थोडं थांबू. क्षयाच्या रुग्णाला आपण एकच गोळी देत नाही, तीन-चार औषधं एकत्र देतो. का? १९४० च्या दशकातच दिसलं होतं की नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर क्षयाचे जंतू काही महिन्यांत त्याला दाद देत नाहीत. माणूस ठेच खाऊन जे शिकला, ते ही माशी आधीपासून करत आली आहे. मिश्रण, तेही नेमक्या जागी आणि गरजेपुरतं.

आता वारुळाकडे परत जाऊ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी अभ्यासली. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की वाळवी आपल्या पिकाची बुरशी आणि तणासारखी घुसलेली बुरशी वासावरून ओळखते आणि तण मातीखाली गाडून टाकते. आफ्रिकेतल्या बुरशी पिकवणाऱ्या वाळवीसोबत बॅसिलस जिवाणू सापडले, जे नको असलेली बुरशी रोखणारा पदार्थ तयार करतात. दुसऱ्या एका जातीच्या वाळवीच्या घरट्यात १९९८ मध्ये नॅफ्थलीन सापडलं. नॅफ्थलीन म्हणजे आपली कपाटातली डांबरगोळी. त्याच जातीच्या वाळवीच्या विष्ठेनं लिंपलेल्या घरट्यात स्ट्रेप्टोमायसिस राहतो आणि वाळवीला रोगकारक बुरशीपासून वाचवतो, हे २०१३ मध्ये कळलं. तेव्हा वारूळ का कुजत नाही, याचं एकच एक उत्तर नाही. खुरपणी आहे, धुरी आहे, आणि पाळलेले जिवाणूही आहेत.

मग इतिहास म्हणून मी काय सांगतोय? आपण म्हणत होतो, एक वाट जिवाणूंची आणि एक किड्यांची. तशा त्या वेगळ्या नव्हत्याच. मातीत किडे आणि जिवाणू एकमेकांशी लढत होते, एकमेकांना पाळतही होते. आपण त्यातले जिवाणू उचलून टाकीत घातले. त्यांचा वापर कसा करायचा हे ज्याच्याकडून शिकता आलं असतं, तो किडा मागे राहिला.

आणि ही चूक आता महागात पडतेय. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी झाली, दे प्रतिजैविक. दोन दिवसांत बरं वाटलं, बंद कर. आपण औषध खतासारखं उधळलं.

म्हणून जगभर पुन्हा माती आणि किडे धुंडाळणं सुरू झालंय. इथे तुम्हा राजूरकरांचा संबंध येतो. फिलिपिन्समध्ये अबेलार्डो अगिलार नावाचे डॉक्टर होते. १९४९ मध्ये त्यांनी इलोइलो भागातली माती एका अमेरिकी औषध कंपनीला पाठवली. त्या मातीतून एरिथ्रोमायसिन निघालं. १९५२ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा त्याच्या व्यापारी नावात इलोइलोची खूण होती, आयलोटायसिन. डॉक्टरांनी आपला वाटा मागितला, शेवटपर्यंत मागितला. मिळाला नाही.

घाटघर, रतनवाडी, साम्रद, कळसूबाईचा पायथा. इतका पाऊस, इतकं जंगल, इतकी वारुळं, मे-जूनमध्ये झाडं लखलखवणारे काजवे. काजव्याची अळीसुद्धा मातीतच वाढते. उद्या इथली चिमूटभर माती कुणी पिशवीतून नेली तर काय? आता कायदा आहे. २००२ चा जैवविविधता कायदा. त्यात सूक्ष्मजीवही येतात. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, लोक जैवविविधता नोंदवही असते. माधव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही नोंदवहीची कल्पना रुजवली. पण कागदावर समिती असणं वेगळं आणि नोंदवहीत खरी माहिती असणं वेगळं. माझी विनंती एवढीच आहे. कुठल्या माळावर कुठलं वारूळ आहे, कुठल्या नक्षत्रात कुठली अळंबी येते, कुठला किडा कशाला लागतो, हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. ते लिहून काढा. नुसतं झाडांची यादी करून थांबू नका.

प्रश्न घेऊ या.

(प्रश्न : मग मुंग्यांचा रस जखमेवर लावला तर चालेल का?)

मावशी, नका लावू. मुंगीचा रस मुंगीच्या मापाचा. तो चिघळवेल. पिठातल्या किड्याचं क्विनोन तर आपल्याला अपायकारकच आहे. जखम साबण-पाण्यानं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. आणि तो काळा-नारिंगी किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चुकून चिरडला गेला तर लगेच साबणानं धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. आणि शेतात दिसला तर मारू नका. तो भातावरचे तुडतुडे खातो.

(प्रश्न : सर, राजूरच्या मातीत खरंच नवीन औषध सापडेल?)

खरं सांगू? बहुतेक वेळा जुनंच पुन्हा सापडतं. म्हणूनच कंपन्यांनी मध्यंतरी हा नाद सोडला होता. पण आतापर्यंत माती चाळली ती जिवाणू एकटा काढून, बशीत वाढवून. मातीतल्या बहुतेक जिवाणूंना बशी मानवतच नाही. कुठला किडा कुठल्या जिवाणूला सांभाळतोय हे पाहून शोधायचं काम आत्ता कुठे सुरू झालंय. ते करायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण त्याआधी वारुळाशेजारी तासभर बसायची तयारी लागते. तुमच्यापैकी कुणी विज्ञान शाखेला असेल, तर त्याला वारूळ पाहायला पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही.